कॅलेंडरकडे बघणारी बाई

आमच्या तात्यापारा वस्तीतल्या मेडिकलमधली ती बाई मला पहिल्यापासून खटकायची. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागितल्या की चष्मा कपाळावर चढवून ती आधी माझ्याकडे बघायची, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. गोळ्या कागदात गुंडाळताना तिचे ओठ हलायचे. ही माझे दिवस मोजते आणि साऱ्या वस्तीत सांगत फिरते, अशी माझी खात्रीच होती.

गेली दोन वर्षं गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, प्रत्येक सणाला मी गोळ्या नेत होते. आता पाळीचा नेमच राहिला नव्हता. कधी वीस दिवसांत, कधी दोन महिन्यांनी. यंदा दिवाळीआधी गेले, तर तिने गोळ्यांवरचा हात काढलाच नाही.

"काहून अडवून राहिल्या?" मी चिडून विचारलं.

"दीदी, मी बी अशीच खात होती, दर सणाले. पाळी बिघडली, तं घरचे म्हणे इच्यातच खोट आहे. गोळ्यांचं कोणी विचारलंच नाही. तुम्ही आधी डॉक्टरीणले दाखवा."

गोळ्या तिथेच सोडून मी घरी आले. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"आणल्या ना वं गोळ्या? आज पंचविसावा दिवस आहे तुहा."