लागू असेल तिथे फुली

फलकावरच्या शिष्यवृत्तीच्या यादीत आपला क्रमांक सापडला तेव्हा घाईताईने तोंडावर हात दाबून एक बारीकशी किंकाळी मारली. शेजारी उभा असलेला प्राध्यापक दचकून बाजूला झाला. ती विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती, आणि एखादी तरी शिष्यवृत्ती मिळाली नाही तर तिसरं वर्ष हुकणार, हे घरात सगळ्यांना न बोलता माहीत होतं. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. यंत्रावर घासलेल्या काचा तयार यायला लागल्यापासून मालकाने त्यांना आठवड्यातून चारच दिवस बोलवायला सुरुवात केली होती. मग घाईताईची नजर यादीच्या मथळ्यावर गेली. 'गट ब : वडील हयात नसलेले विद्यार्थी.'

तिचे वडील चांगले हयात होते. सकाळीच त्यांनी टॉवेल कोणी ओला केला यावरून तिच्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं.

घाईताई हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ही मुलगी जन्माला आली तीही तीन आठवडे आधी, आणि तेव्हापासून तिने कोणतंही काम सावकाश केलं नाही. शिष्यवृत्त्यांच्या मागेही ती अशीच लागली. ग्रंथालयाबाहेरचा फलक, माजी विद्यार्थ्यांच्या संघाचं परिपत्रक, वसतिगृहाच्या जिन्यात चिकटवलेलं फाटकं पत्रक, काही म्हणून सोडलं नाही. शिष्यवृत्तीच्या खिडकीतल्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं, "नवीन आलेल्या पोरांसाठी सगळे धावतात. मधल्या वर्षातल्यांना कोणी विचारत नाही, तूच उंबरे झिजवायचेस. आणि सूचना वाच गं बाई. निम्मी पोरं सूचना न वाचल्यामुळे बाद होतात."

सूचना तिने वाचल्या होत्या की! पहिल्या सहा अर्जांच्या. त्या सहाही ठिकाणी एकच मजकूर होता : 'लागू नसेल ते खोडा.' वडील हयात आहेत, वडील हयात नाहीत. 'नाहीत'वर फुली मारायची आणि पुढच्या रकान्याकडे वळायचं. एका बैठकीत सहा अर्ज झाल्यावर हात बसला होता. सातवा अर्ज एका खासगी संस्थेचा, आणि त्यावर छापलं होतं, 'लागू असेल तिथे फुली मारा.' आता फुली म्हणजे चूक, हे शाळेतल्या पहिल्या पाटीपासून आपल्या हाडात मुरलेलं. बरोबर असेल तिथे फुली मारायला सांगणारा गृहस्थ कोणत्या शाळेत शिकला होता देव जाणे. घाईताईने सवयीने 'हयात नाहीत'समोर ठसठशीत फुली मारली, खाली सही ठोकली आणि बाबांना कागदोपत्री संपवून मोकळी झाली.

यादीखाली आणखी दोन ओळी होत्या. शुक्रवारी मूळ कागदपत्रं घेऊन संस्थेच्या कार्यालयात यावं, गट ब-मधल्यांनी वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणावा. माहिती खोटी आढळल्यास विद्यापीठाला कळवण्यात येईल. ही दुसरी ओळ तिने दोनदा वाचली. विद्यापीठाला कळलं की बाकीचे सहा अर्जही गेले. खोटारड्या मुलीला कोण शिष्यवृत्ती देणार?

"जाऊच नकोस," मैत्रीण म्हणाली. "गप्प बस. त्यांना वाटेल, हिला नको असेल."

"आणि त्यांनी चौकशी केली तर?"

"तर म्हणावं चूक झाली."

"कोण ठेवेल विश्वास? वडील आहेत की नाहीत यात कोणी चूक करतं का?"

मैत्रिणीने घाईताईला आपल्या डब्यातलं अर्धं जेवण दिलं.

घरी तर आणखीच पंचाईत. बाबा खोकले की हिच्या छातीत धस्स व्हायचं. ते स्टुलावर चढून दिवा बदलायला लागले तर ही धावत जाऊन स्टूल धरायची. आपण त्यांच्या नावापुढे फुली मारली आणि आता काहीतरी होणार, असं वेडं भय तिच्या डोक्यात शिरलं होतं. विज्ञान शिकणाऱ्या मुलीने असं मानू नये, हे तिलाही कळत होतं. कळून उपयोग काय? आईने विचारलं, "परीक्षेचं टेन्शन आलंय का गं?" तर ही म्हणाली, "बाबांचं रक्त तपासून घेऊया का?" आई बघतच राहिली.

गुरुवारी दुपारी तिला राहवेना. ती बाबांच्या दुकानात गेली. मागच्या खोलीत ते चाकावर काच धरून बसले होते, थेंब थेंब पाणी पडत होतं, आणि मांडीवरच्या फडक्यावर पांढरा गाळ साचला होता. तिने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बाबांनी चाक थांबवलं.

"म्हणजे मी गेलो?" ते म्हणाले. "आणि मला कोणी कळवलंही नाही!"

मग ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. घाईताई मात्र रडायला लागली, तसे ते हसायचे थांबले. "उद्या मी येतो तुझ्याबरोबर," ते म्हणाले. "मला समोर बघितल्यावर तरी त्यांची खात्री पटेल."

संस्थेचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. बाकावर पाच-सहा मुलंमुली बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक पाकीट. त्या पाकिटांत काय आहे हे घाईताईला माहीत होतं. तिला त्यांच्याकडे बघवेना. तिच्याच शेजारी तेवढे वडील बसलेले होते.

आत सचिव म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी अर्ज पाहिला, मग बाबांकडे पाहिलं. "आपण कोण?"

"मी तो हयात नसलेला," बाबा म्हणाले.

सचिव हसले नाहीत. घाईताईची पाचावर धारण बसली. तिने अडखळत फुलीचं सगळं सांगितलं, बाकीच्या अर्जांच्या प्रती पुढे ठेवल्या, सहाही ठिकाणी 'नाहीत' खोडलेलं दाखवलं. सचिवांनी एकेक कागद सावकाश पाहिला. मध्येच त्यांचा चष्मा नाकावरून घसरला, तेव्हा बाबांनी खिशातून बारीक पेचकस काढला, "द्या इकडे, स्क्रू ढिला झालाय" म्हणाले आणि दोन मिनिटांत दांडी घट्ट करून दिली.

"आमचीच सूचना विचित्र आहे," सचिव शेवटी म्हणाले. "खोटेपणा नाही, नजरचूक आहे, असं पत्र मी विद्यापीठाला देतो. तुझ्या बाकीच्या अर्जांना धक्का लागणार नाही. पण या गटात तुला बसवता येणार नाही, बाळ. आणि वडील असलेल्यांच्या गटाची यादी मागच्याच आठवड्यात भरली. इथे सही कर."

'मी माझा अर्ज मागे घेत आहे.' घाईताईने या वेळी प्रत्येक शब्द वाचला आणि सही केली. तिसरं वर्ष पुन्हा सहा अर्जांवर टांगलं गेलं होतं, पण चोर तरी ठरले नाही, म्हणून तिने श्वास सोडला.

बाबा उठले नाहीत. ते त्या सही केलेल्या कागदाकडे बघत होते.

"साहेब, एक विचारू?" ते म्हणाले. चेष्टेचा सूर कुठेच नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला नंबर विचारावा तसं त्यांनी विचारलं. "मी खरोखरच नसतो, तर हिचं नक्की झालं होतं ना?"

सचिवांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुढच्या मुलाला बोलवायला घंटी वाजवली.

इतके दिवस घाईताई फीला घाबरली होती, विद्यापीठाला घाबरली होती. आता तिला बाबांची भीती वाटली. हा माणूस मनात कसली तुलना करतोय, आणि कधीपासून करतोय, हे तिला कळेना. विचारायचीही तिची हिंमत झाली नाही.

जिन्यावर तिने त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला.

"अगं सोड," ते म्हणाले. "पडत नाही मी."

तिने सोडला नाही.