तिसऱ्यांदा वळताना

कोथरूडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये बॅलेचा क्लास चालतो आणि तिथे साथीला कोणीतरी हवंय, असं कळलं तेव्हा मी हसले होते. माझं आयुष्य गेलं गाण्याच्या क्लासांत आणि भजनी मंडळांत पेटी वाजवण्यात. पण क्लासच्या बाई स्वतः वारज्याला माझ्या घरी आल्या. बाई कसल्या, तिशीतली पोरगी! म्हणाली, "ताई, रेकॉर्ड कोणासाठी थांबत नाही. मला थांबणारं माणूस हवंय."

पहिल्याच दिवशी मी सवयीनं विचारलं, "तुमची पट्टी कोणती?" ती पोट धरून हसली. "अहो ताई, मी गात नाही, नाचते!"

तिचा एक लाडका तुकडा होता. क्लास संपला की तो ती एकटी नाचायची आणि मुली भिंतीला टेकून बघायच्या. घर सोडून निघालेली मुलगी उंबरठ्यावरून मागे वळून बघते. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. आणि जाते. एवढंच. पट्टी काळी दोन, गंधार-धैवत कोमल, आणि लय इतकी संथ की मला आधी वाटलं, हिला पुढचं आठवत नाहीये. ऐकताना रडू यायचं नाही, पण कुलूप लावून गेलेल्या घरात दिवा दिसावा तसं काहीतरी व्हायचं. काळी दोनवर माझी बोटं अडखळायची म्हणून एकदा मी गुपचूप ते पांढरी एकवर उतरवलं. गाणाऱ्या बायकांना देतोच की आपण उतरवून! चार सूर झाले असतील नसतील, ती थांबली. "ताई, ही पोरगी एकदम पन्नाशीची झाली की!"

त्यानंतर मी पट्टीला हात लावला नाही. लय तर माझ्या हातात नव्हतीच. साथ करणाऱ्यानं मागे राहायचं, ही माझी शिकवण. तिच्या पायांवर डोळे ठेवून मी वाजवायचे. तिसऱ्या वळणाला ती थांबायची, की मीही हात वर धरून थांबायचे. तिची टाच हलली की बोटं खाली.

दाराबाहेर तिचे वडील बसायचे, प्लास्टिकच्या खुर्चीत, हॉलकडे पाठ करून. बँकेतून रिटायर झालेले, बोलणं एकदम तिरकस. नव्या मुलींना म्हणायचे, "बॅले राहू दे, आधी चपला जोडीनं लावायला शिका." आत येऊन बघा ना काका, म्हटलं तर म्हणायचे, "ती चवड्यांवर उभी राहिली की गुडघे माझे दुखतात." आणि रोज तिसऱ्या वळणाला सगळं शांत झालं की हे गृहस्थ खुर्ची करकरत मागे सारून उठायचे. "चला, संपलं एकदाचं!" मग सूर पुन्हा सुरू व्हायचे. "अरेच्चा," म्हणून हे खाली बसायचे. मुली फिदीफिदी हसायच्या. मला मात्र राग यायचा. रोज काय तेच ते!

एकदा ते कांद्याचं पोतं आणायला मार्केट यार्डात गेले होते. त्या दिवशी ती तिसऱ्या वळणाला जी थांबली, ती थांबलीच. माझे हात भरून आले. शेवटी पाय खाली टेकवून म्हणाली, "नाही जमत आज. सोडा ताई." दमली असेल, असं आम्ही धरून चाललो.

गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत ती गेली. धड आजारीसुद्धा पडली नाही मेली! मला अजून राग येतो.

क्लास बंद झाला. हॉल शिकवणीवाल्यांना द्यायचं ठरलं, तेव्हा काकांचा फोन आला. नेहमीचा तिरकसपणा नव्हता. "अहो, संध्याकाळी किल्ली परत करायची आहे. त्याआधी एकदा वाजवाल का? तिच्या लयीत. मला तिच्या नाचाचे नुसते आवाज माहीत आहेत हो, बघितलं कुठं कधी? आणि आता तेही कानातून सुटायला लागलेत."

दुपारी गेले. हॉल रिकामा, आरसा तेवढा भिंतीवर. आत बसा म्हटलं, तर नको म्हणाले. दाराबाहेर खुर्ची ठेवली आणि पाठ करून बसले. मी काळी दोन धरली. बघायला पाय नव्हते, म्हणून ते जिथे असायचे तिथल्या जमिनीच्या लाकडी फळ्यांकडे बघत राहिले. खोटं कशाला सांगू, पहिल्या वळणापासूनच लय माझी राहिली नाही. कोणीतरी मला मागे ओढत होतं. दुसऱ्या वळणाला फळी वाजली. अंगावर सरसरून काटा आला, पण मी आरशाकडे बघितलं नाही.

तिसरं वळण आलं. हात वर धरले.

आणि ते खाली येईनात. मी वाट बघत राहिले, कशाची ते कळेना. बाहेर काका श्वास रोखून बसलेले, जराही हालचाल नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

"काका, खुर्ची."

"काय झालं खुर्चीला?"

"तुम्ही उठायचात ना रोज, संपलं म्हणून? त्या आवाजासाठी थांबायची ती. तुम्ही यार्डात गेलात, त्या दिवशी तिला पुढे जाताच आलं नाही. तुम्ही उठल्याशिवाय ती निघायची नाही हो."

दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे हात धरले. मला वाटलं, आता उठतील. मी बोटं तयार ठेवली.

"म्हणजे मी उठलो की ती जाणार," ते म्हणाले.

"हो, काका."

"मग मी नाही उठत."

सेक्रेटरी किल्ली घ्यायला आले, तेव्हाही ते बसूनच होते.