घड्याळाकडं, खाली!

हॅझलशॉमध्ये विनी एंटविसलसमोर कुणाची चहाडी करायची तर आधी तोंडावर हात ठेवावा लागतो. ती रस्त्याच्या पलीकडे उभी असली तरी. विनीनं तीस वर्षं कापडगिरणीत सहा माग चालवले. साचेखात्यात शेकडो माग एकदम धडधडायला लागले की शेजारणीच्या कानात बोंब मारली तरी ऐकू जायची नाही. म्हणून बायका आवाज न काढता, ओठ मोठे मोठे हलवून बोलायच्या. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला दिवस गेले, सगळं तिथंच कळायचं. ओठ वाचायला सगळ्याच विणकरणींना यायचं, पण विनीचा हात धरणारी गावात दुसरी नव्हती.

गिरणी बंद पडून जमाना झाला. विनी आता पंच्याहत्तर वर्षांची आहे, आणि त्या शनिवारी सकाळपासून ती दहादा आरशासमोर जाऊन आली होती. हॅझलशॉ टाउन ह्या गावच्या फुटबॉल क्लबच्या जुन्या पाठीराख्यांचा मेळावा होता आणि त्याला कॉलिन डकवर्थ येणार होता. कॉलिन हा क्लबचा एकेकाळचा गोलकीपर. दक्षिणेला समुद्रकाठी रंगाचं दुकान काढून बसलेला हा गडी बेचाळीस वर्षांत एकदाही गावात फिरकला नव्हता. विनीला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती, तीही चारचौघांत: त्या दिवशी त्यानं तिचे ओठ वाचले होते, हो की नाही?

"नाहीच म्हणेल," जॅक शटलवर्थ तिच्या दारात उभा राहून म्हणाला. जॅक म्हणजे शेजारी, गिरणीतला जुना जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, आणि बेचाळीस वर्षांचा तिचा छळवादी. "अगं, तो गोलकीपर. त्यानं बॉलकडं बघायचं की तुझ्याकडं? त्यातून बॉल तुझ्यापेक्षा देखणा."

"तुझं तोंड बंद कर आणि बूट पुस. लोकांत जायचंय."

खरं तर जॅकला तो दिवस तिच्याइतकाच पाठ होता. एकोणीसशे बासष्टचा एप्रिल, मोसमातला शेवटचा सामना. हॅझलशॉ टाउन हा काही मोठा क्लब नव्हे. लीगच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या विभागाच्या तळाशी बूड टेकून बसलेला, दर हिवाळ्यात सर्दी व्हावी तसा हरणारा. पण शनिवारी दुपारी गिरणीचा भोंगा झाला की अंगावरचं सूत झटकून सगळं गाव मैदानावर धावायचं. निळा-पांढरा मफलर, कागदी पेल्यात व्हिनेगर शिंपडलेले गरम काळे वाटाणे, आणि पश्चिमेच्या गोलमागे कठड्याला टेकून विनी. तिच्याभोवती तीस-चाळीस माणसांचं कोंडाळं ठरलेलं, कारण विनीपाशी उभं राहिलं की मैदानावरचं सगळं ऐकू यायचं.

"काय म्हणतोय गं त्यांचा कॅप्टन?"

"म्हणतोय, ह्यांच्या दोन नंबरला पळता येत नाही, तिकडनं घुसा."

"हात्तिच्या! हे त्याला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? डोळे आहेत त्याला."

त्या दिवशी मात्र कुणाला हसू सुचत नव्हतं. जिंकलं तरच लीगमधली जागा पक्की होती. नाहीतर बाकीचे क्लब मतं टाकणार आणि हॅझलशॉला घरी पाठवणार. तसं झालं तर शनिवार करायचा काय, ह्या विचारानंच माणसं पांढरी पडली होती. सामना संपायला चार मिनिटं, हॅझलशॉ दोन, पाहुणे एक, आणि आपल्याच शहाण्या दोन नंबरनं गोलसमोर एकाला आडवा पाडला. पेनल्टी! पश्चिमेच्याच गोलवर, जिथं गोलकीपरच्या उजव्या हाताला मैदानावरचं मोठं घड्याळ होतं.

अकरा हजार माणसं एकदम ओरडायला लागली. गोलमध्ये एकोणीस वर्षांचा कॉलिन, विणकरणीचं पोर, हातमोज्यांवर थुंकत उभा. तेवढ्यात विनीनं पाहिलं: पाहुण्यांचा कॅप्टन पेनल्टी मारणाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून बोलतोय. एवढ्या गोंगाटात आपलं कोण ऐकतंय, म्हणून बिनधास्त बोलतोय.

"घड्याळाच्या बाजूला मार. खाली."

विनीला एवढं पुरे होतं. तिनं कठड्यावर पाय दिला, जॅकच्या डोक्याचा आधार घेतला आणि सगळा जीव ओठांत आणला. आवाज नाही. नुसते ओठ, साचेखात्यातल्यासारखे. कॉलिन, इकडं बघ! घड्याळाकडं, खाली! घड्याळाकडं, खाली! आणि कॉलिननं मान वळवली. तिच्याकडं पाहिलं, डोळे बारीक केले, मान किंचित हलवली. मग तो पुढं वळला, शिट्टी झाली, आणि पोरगं घड्याळाच्या बाजूला असं झेपावलं की बॉल त्याच्या मुठींवर आदळून कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत गेला.

त्यापुढचं विनीला नीट आठवत नाही. जॅकनं तिला खांद्यावर घेतलं होतं, कुणाचे तरी काळे वाटाणे तिच्या केसांत होते आणि ती रडत होती. क्लब वाचला. कॉलिनचा फोटो पेपरात आला. त्याच आठवड्यात मोठ्या क्लबनं त्याला उचललं, तो गेला तो गेलाच, आणि विनीची गोष्ट तिच्यापाशीच राहिली. शंभरदा सांगितली तरी लोक "हो हो, विनी" म्हणून डोळे मिचकावायचे. त्यात जॅक सर्वांत पुढे. तिला ते फार लागायचं. हसण्यावारी न्यायची, पण लागायचं.

मेळाव्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टकलं, काठ्या, कवळ्या, आणि प्रत्येकाच्या गळ्यात तोच मफलर. "आठवतंय का, बर्फ पडला होता आणि आपणच फावड्यांनी मैदान साफ केलं?" "मग हरलोच की पाच-शून्य!" "अरे, पण मैदान कसलं स्वच्छ होतं!" अशी नुसती धमाल चालली होती. कॉलिन शिरला आणि छप्पर उडतं की काय असा आरडाओरडा झाला. पोट सुटलेलं, केस गेलेले, पण चाल तीच. सोबत त्याची मुलगी होती. जॅकनं गर्दीतून वाट काढत त्याला गाठलं, हातवारे करत विनीची सगळी गोष्ट सांगितली, तिच्याकडं बोट दाखवलं, आणि तिला आणायला मागं वळला.

विनी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. तिची नजर कॉलिनच्या तोंडावर खिळलेली. तो मुलीच्या कानाशी वाकून बोलत होता.

"मला कुठलं दिसायला? मागं वळलो तर ऊन थेट डोळ्यांत. काही दिसलं नाही बघ. डावा खांदा दुखत होता, म्हणून उजवीकडं पडलो, एवढंच. पण म्हातारीला नको सांगूस. बेचाळीस वर्षं जपलंय बिचारीनं."

तोंडावर हात ठेवायला तो विसरला होता. गाव सोडून फार दिवस झाले होते ना.

विनीच्या काळजात चर्र झालं. ऊन! ते बारीक केलेले डोळे, ती हललेली मान, सगळं उन्हामुळं. घरी निघून जावं असं तिला वाटलं. पण जॅकनं दंडाला धरून तिला पुढं ओढलं, सगळा हॉल भोवती गोळा झाला, आणि मान ताठ करून ती कॉलिनसमोर उभी राहिली.

"बोल रे बाबा," जॅक म्हणाला. "लावून टाक निकाल."

कॉलिननं तिचे दोन्ही हात हातात घेतले. "विनीमावशी," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "घड्याळाकडं, खाली. हेच म्हणाला होतात ना? तुम्ही नसता तर ती पेनल्टी मी अडवलीच नसती!"

हॉल दणाणून गेला. काठ्या आपटल्या, मफलर उडाले, कुणीतरी क्लबचं गाणं सुरू केलं आणि सगळ्यांनी उचलून धरलं. त्या कल्लोळात कुणाचं कुणाला ऐकू येईना. विनीनं कॉलिनकडं नीट पाहिलं आणि आवाज न काढता ओठ हलवले.

खोटारड्या. डावा खांदा कसा आहे आता?

कॉलिनचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. आईचं साचेखातं तो विसरला नव्हता. त्याचेही ओठ हलले: मावशी, चुकलो. आता सांगू का खरं?

विनीनं बाजूला पाहिलं. शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा जॅक खुर्चीवर चढला होता, डोळे पुसत होता आणि हॉलला ओरडून सांगत होता, "मी म्हणत नव्हतो? माझ्या डोक्यावर हात ठेवून बोललीय ती! ह्या डोक्यावर!"

खबरदार, विनीचे ओठ म्हणाले. आणि तिनं भसाड्या आवाजात गाण्याला सूर लावला.