रेडिओवर मी, वडीगोद्रीत दुसराच!

मी रेडिओवर गायलो ते माझ्या सासरवाडीत कुणीही ऐकलं नाही, तरी माझा सत्कार झाला.

तेव्हा मी जालन्याला मस्तगडात राहायचो आणि एका शाळेत गाणं शिकवायचो. लग्न ठरताना सासऱ्यांना एवढंच सांगितलेलं की मुलगा मास्तर आहे. काय शिकवतो, हे त्यांना अक्षता पडल्यावर कळलं. "गाणं? त्याला मास्तर लागतो?" असं त्यांनी भर मांडवात विचारलं होतं! वडीगोद्रीला त्यांची मोसंबीची बाग. दर दिवाळीला ओसरीवर शेजारी बसवून मोठ्या मायेने विचारायचे, "जावईबापू, गणित-बिणित जमंल का वो तुमाला?"

त्यामुळे रेडिओच्या परीक्षेत मी तिसऱ्या खेपेला पास झालो (पहिल्या दोन्ही खेपांना परीक्षकांचे कान दुखत असावेत), तेव्हा माझ्याहून जास्त आनंद माझ्या बायकोला, कुंदाला झाला. ध्वनिमुद्रण झालं, पत्र आलं. रविवारी सकाळी साडेसात, पंधरा मिनिटं, राग तोडी.

"आपण वडीगोद्रीला जाऊन ऐकायचं," कुंदा म्हणाली. "बाबांच्या शेजारी बसून!"

शनिवारच्या एसटीने पोचलो तर माझ्या मेहुण्याने, दत्तूने, आधीच घोळ घालून ठेवलेला. दत्तूचं हायवेवर ट्रॅक्टरच्या पार्टांचं दुकान. दुरुस्त करता येत नाही असं जगात काही नसतं, ही त्याची श्रद्धा. त्याने दारातल्या लिंबावर कर्णा बांधला होता आणि रेडिओपुढे माइक.

"दाजी, पार फाट्यापर्यंत आवाज जाईन. बिलकुल टेन्शन घेऊ नका!"

मी तोवर घेतलं नव्हतं. तेव्हा घेतलं.

सकाळी अंगणात सतरंज्यांवर निम्मं गाव. सासरे नवा फेटा बांधून रेडिओजवळ. बरोबर साडेसातला निवेदिकेने माझं नाव घेतलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला! तानपुरे झंकारले. दत्तूच्या कपाळाला आठी.

"खरखर येऊन राह्यली."

"अरे, तो तानपुरा आहे!"

मी (म्हणजे रेडिओतल्या मी) षड्ज लावला. मग सावकाश, गुरुजींनी शिकवलं तसं, सुरावरून सूर घसरवत आलाप सुरू केला.

"स्टेशन सरकून राह्यलं!" दत्तू ओरडला आणि त्याने बटण पिळलं.

"दत्तू, थांब! तो मी आहे!"

"आसं कसं?" शेजारच्या गयाआजी म्हणाल्या. "तुमी तं हितं बसल्यात."

"दत्त्या, थाप मार त्याला एक," सासरे म्हणाले. "जल्दी मार. आन् जावईबापू, तुमी बसा खाली. त्यातलं त्याला कळतं."

दत्तूने थाप मारली. सेल काढून धोतरावर घासले, पुन्हा घातले. बटण फिरतच होतं. कापसाचे भाव गेले, हिंदी बातम्या गेल्या, एक बाई लोणच्यात मोहरी किती घालायची ते सांगून गेली. माझी तोडी कुठेतरी आभाळात एकटीच चालू होती! आणि एकाएकी कुठल्याशा स्टेशनवरून एक धीरगंभीर पुरुषी आवाज घुमला. अभंग. काय तो आवाज! विहिरीत घागर बुडावी तसा भरलेला.

"लागलं! लागलं!" सगळे ओरडले, आणि मग एकदम चिडीचूप.

गयाआजींनी हात जोडले. कुणीतरी पळत जाऊन टाळ आणले. कुंदाला तर पहिल्याच ओळीत कळलं होतं (माझा रियाज ती रोज पहाटे सोसते, एवढा बरा आवाज आमच्या घरात कधी निघालाच नव्हता). मी उठून सासऱ्यांना म्हणालो,

"मामा, हे जे गातायत ना, ते..."

मामांनी मला घट्ट मिठी मारली. डोळ्यांत पाणी.

"चुकलो मी, जावईबापू. तीन वर्सं तुमाला गणित इचारीत बसलो!"

मी कुंदाकडे पाहिलं. तिने पदर तोंडाशी धरून कानाशी सांगितलं, "गप बसा. बाबांनी पहिल्यांदाच तुम्हाला जवळ घेतलंय."

मी गप बसलो. पण अभंग संपत आला आणि माझ्या लक्षात आलं, आता निवेदक खऱ्या गायकाचं नाव सांगणार! मी माणसांवरून उडी मारून रेडिओ बंद केला.

"काय वो दाजी?"

"मला स्वतःचं कौतुक ऐकवत नाही," मी म्हणालो.

हा विनय लोकांना गाण्याहून जास्त आवडला. नारळ झाला, शाल झाली, मामांनी स्वतःचा फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "मंग आता म्हणा की एकदा समोर!" असा गलका झाला, तेव्हा मी घशाला हात लावून खोकलो.

पुढची दहा वर्षं वडीगोद्रीत पाऊल टाकलं की माझा घसा बसायचा. इकडे मस्तगडात मात्र मी ख्यालबियाल गुंडाळून ठेवून तो एकच अभंग घोटत होतो. कुंदा म्हणायची, "सांगून टाका एकदाचं." मी म्हणायचो, "सांगायचं कशाला? तसं गाऊनच दाखवतो!"

शेवटी दत्तूने नवं दुकान बांधलं. त्याच्या वास्तुशांतीला हजारभर माणसांसमोर मी तो अभंग गायलो. जीव ओतून गायलो. आयुष्यात एवढं चांगलं मी कधीच गायलो नव्हतो, हे कुंदासुद्धा मान्य करते.

गाणं झाल्यावर मामा काठी टेकत माझ्याजवळ आले. माझा हात हातात धरला. मग हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, जावईबापू. वय झालं की आवाज जातोच मान्साचा."

मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो.