पहिल्या मिनिटाच्या पुढे

बाजारातल्या एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. लांबीला आठ फूट, आणि रुंदी इतकी, की आत दोन माणसं आली तर एकाने श्वास सोडल्यावर दुसऱ्याने घ्यावा. तिथे एकतीस वर्षं स्पीकर दुरुस्त होत होते. घरातले, टॅक्सीतले, नाचाच्या क्लासातले, व्यायामशाळेतले. दुरुस्त करणाऱ्याला सगळे खरखर काका म्हणत, कारण कुणीही काहीही घेऊन आलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: खरखर येते, की आवाजच येत नाही?

फाटलेला कागदी कोन बदलला, तुटलेली तार जोडली, की तपासायला ते गाणं लावत. जाड आवाजासाठी एक, बारीक आवाजासाठी दुसरं, माणसाच्या गळ्यासाठी तिसरं. फार तर मिनिटभर कान लावायचा, मान हलवायची, बंद करायचं. पुढचा स्पीकर ताटकळत असायचा. अशी हजारो गाणी त्यांना ठाऊक होती आणि एकही पूर्ण ठाऊक नव्हतं. दारातूनच "बरं चाललंय ना?" विचारून परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखी त्यांची गाण्यांशी ओळख. पण हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

वर्षाच्या दुसऱ्याच आठवड्यात ते स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं खोकं काढायला गेले, आणि खोक्याच्या आधी स्वतः खाली आले. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात आत धातूची पट्टी बसवली, वरून प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, की तीन महिने स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा नाही. काकांनी विचारलं, डाव्या हाताने चालेल का? डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "लिहून द्या. यांना तोंडी सांगितलेलं ऐकू येत नाही."

काकू एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. रोज दीडशे काचनळ्या धुवायच्या, द्रावणं करायची, मुलांनी केलेला गोंधळ निस्तरायचा. त्या सकाळी जात आणि चारला येत. तेवढा वेळ काका तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हातावर हात ठेवून बसायचे, तेही एकच हात धड असताना. पहिल्या आठवड्यात त्यांनी फ्रिजच्या घरघरीचं निदान केलं, पंख्याचा आवाज डावीकडून येतो हे शोधलं, आणि शेजाऱ्यांच्या दाराची बिजागरी कोरडी पडल्याचं त्यांना जाऊन सांगितलं. आठवड्याअखेरीला काकूंनी हात टेकले. घरातल्या सगळ्या वस्तूंचे डॉक्टर होऊन झालं, आता जरा पेशंट व्हा, असं त्यांनी सुनावलं.

त्याच सुमाराला नाचाचा क्लास घेणाऱ्या बाई भेटायला आल्या. त्यांचा मोठा स्पीकर दुकानात अडकला होता. पण तो विषय त्यांनी लगेच काढला नाही. दिवस कसा जातो म्हणून विचारलं. जात नाही, असं काका म्हणाले. मग गाणी ऐका की, असं बाईंनी सुचवलं. त्यावर काका हसले. सगळी ऐकून झालीत, म्हणाले.

बाईंनी एका गाण्याचं नाव घेतलं आणि ते संपतं कसं, असं सहज विचारलं. काका आठवू लागले. मग दुसरं नाव घेतलं, मग तिसरं. सुरुवात तिन्हींची काकांनी बरोबर सांगितली, कुठलं वाद्य कुठल्या बाजूने येतं तेसुद्धा. शेवट एकाचाही सांगता आला नाही.  बाईंना वाटलं, आपण उगाच यांना अडचणीत टाकलं. काका मात्र खरंच विचारात पडले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फोनवर एक अल्बम पाठवला, त्याच वर्षी आलेला. एका म्हातारीने एकटीने वाजवलेला पियानो, अकरा तुकडे. सोबत दोन नियम होते: मधे थांबवायचं नाही, आणि पुढे पळवायचं नाही.

ऐकायला बसल्यावर काकांना कळलं, की काम सोपं नाही. एक मिनिट झालं की त्यांचा डावा हात आपोआप बटणाकडे जायचा. दोनदा त्यांनी तसंच बंद केलं. काकू चारला घरी आल्या तेव्हा हे गृहस्थ डावा हात मांडीखाली दाबून, परीक्षेला बसल्यासारखे बसले होते. काकूंनी पिशवी हळूच खाली ठेवली आणि त्याही बसल्या. शेवटचा तुकडा संपल्यावर काका म्हणाले, "तिचा डावा हात थकत गेला. नवव्यापासून. तरी सोडलं नाही तिने." आणि त्यांनी वही मागितली. डाव्या हाताने लिहायचं, म्हणून नोंद दोनच शब्दांची झाली. तेही असे दिसले, जणू पाटीवर पहिल्यांदा गिरवलेत.

बातमी पसरायला बाजारात वेळ लागत नाही. काका अख्खे अल्बम ऐकतात म्हटल्यावर जो तो आपापली आवड घेऊन तिसरा मजला चढू लागला. पहिला आला टॅक्सीवाला. त्याने रॅप आणला होता, पार्सलं पोचवणाऱ्या एका मुलीने केलेला. पहिल्या दोन गाण्यांत काकांचं कपाळ आक्रसलं. ही बोलते, गाते कुठे, असं त्यांनी फोन करून विचारलं. टॅक्सीवाला म्हणाला, "काका, तिला थांबायला वेळ नाही हो. तुम्हाला आहे ना? मग ऐकून घ्या."

पाचव्या गाण्यात ती पोरगी लिफ्ट नसलेल्या इमारतींचे मजले मोजत होती. एक, दोन, तीन, आणि दार उघडणाऱ्याने मान वर करूनही पाहिलं नाही. काकांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. त्यांची औषधं दर आठवड्याला अशीच कुणीतरी आणून देत होतं. त्यांनी आठवून पाहिलं, पण चेहरा काही आठवेना. त्या आठवड्यात औषधं आल्याचा फोन आला तेव्हा ते प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून तीन मजले खाली उतरले. पार्सल आणणारी बाई घाबरली, काही चुकलं का म्हणून.  काका म्हणाले, "काही नाही. म्हटलं, तुम्हाला जिना चढायला नको." पुढे दर आठवड्याला ते खाली जाऊन उभे राहू लागले. अल्बमसमोर त्यांनी वहीत लिहिलं: घाई खरी.

मग व्यायामशाळेचा मालक आला. माणूस दारात मावेना एवढा, म्हणून सगळे त्याला कपाट म्हणत. त्याने आणलेलं संगीत असं, की पहिल्या मिनिटाला खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकल्याचा आवाज आला. गिटारी किंचाळत होत्या, गायकाचा घसा सोलून निघत होता. काकांनी सवयीने कान टवकारले, स्पीकर फाटला की काय ते बघायला. आणि त्यांच्या लक्षात आलं, की स्पीकर शाबूत आहे. फाटलेपणा आधीच मोजूनमापून आत भरलाय. जन्मभर त्यांनी ज्याच्याशी भांडण केलं तोच आवाज इथे कुणीतरी सोन्यासारखा घडवला होता. आठवं गाणं मात्र एकदम हळू निघालं, नुसत्या तारा. काकांनी कपाटाला विचारलं, हे असं मधेच का?  कपाट म्हणाला, आई दवाखान्यात होती ना काका, तेव्हा मी ह्या गाण्यापर्यंत पोचायला आधीची सात ऐकायचो. काकांनी त्याला चहा विचारला, आणि दोघांनी आवाज कमी करून तो अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावला.

प्लास्टर निघालं आणि बोटांचे व्यायाम सुरू झाले. व्यायाम करून घेणारी बाई बोलायला फटकळ, पण हाताची हलकी. तिने दिलेला अल्बम एका सत्तरीच्या गायिकेचा होता. आईकडून शिकलेली गाणी तिने आपल्या घराच्या मागच्या खोलीत बसून गायली होती, सोबतीला काही नाही. तिसऱ्या गाण्यात काकांना आवाज आला. किर्र. परत एकदा, किर्र.

आता मात्र त्यांचा व्यवसाय जागा झाला. आतलं तारेचं वेटोळं, कॉइल, घासतेय, त्यांनी जाहीर केलं. रविवारची सकाळ होती, काकू घरात होत्या. जमिनीवर चादर पसरून दोघांनी घरचा स्पीकर उघडला. काका सांगायचे, काकू करायच्या. स्क्रू निघाले, कोन बाहेर आला, कॉइल तपासली. घासण्याची खूण कुठेच नव्हती. तरी संशय नको म्हणून आतली तार बदलायची ठरली. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा तार जोडायची, सोल्डरची गरम काडी हातात धरली. काका श्वास रोखून बघत राहिले. जोड बसला तो मोत्यासारखा गोल, न थरथरता. काचनळ्यांत थेंब मोजण्याची सवय असलेला हात तो. सगळं परत बंद करून गाणं लावलं. तिसरं गाणं आलं. किर्र.

काकांनी व्यायामाच्या बाईला फोन लावला आणि रेकॉर्डिंगमध्ये दोष आहे, असं जरा अधिकारवाणीने सांगितलं. ती पलीकडे हसत सुटली. ती खुर्ची आहे, म्हणाली. गाणारी बाई वरच्या सुराला जाताना पुढे झुकते, तेव्हा वाजते.

पुन्हा लावलं. किर्र, आणि त्यापाठोपाठ वरचा सूर. प्रत्येक वेळी तसंच.

"म्हणजे सूर येणार हे खुर्चीला आधी कळतं," काकू म्हणाल्या.

 काका म्हणाले, "एकतीस वर्षं मी असे आवाज काढून टाकत आलो गं."

"काढायचेच होते. ते लोकांच्या स्पीकरमधले. हा तिचा आहे."

तीन महिन्यांनी दुकान उघडलं. मनगट वळायला लागलं होतं, पण अंगठा आणि तर्जनी बारीक वस्तू धरेनात. केसाएवढी तार चिमटीतून निसटायची. दोन दिवस काकांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. तिसऱ्या दिवशी नाचाच्या बाईंच्या स्पीकरची तार सहाव्यांदा हातातून सुटली, तेव्हा ते दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. शाळेतून घरी निघालेल्या काकूंनी त्यांना तसं पाहिलं. काही न विचारता त्या आत गेल्या, पदर खोचला, दिवा जवळ ओढला आणि काडी तापायला ठेवली.

तेव्हापासून बारीक जोडकाम काकूंकडे गेलं. रोज चार ते सहा. काकांना सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं. आपलं काम बायकोच्या गळ्यात पडलं, असं ते एकदा बोलूनही गेले. काकूंनी मान वर न करता सांगितलं, की शाळेत त्यांनी धुतलेली नळी परत घाणच होते. इथे जोडलेलं निदान वाजतं तरी. आणि आता मी सांगेन ते ऐका, असं म्हणून त्यांनी स्वतःचा एक अल्बम लावला. निव्वळ यंत्रांचं संगीत, धडधड, लख्ख, एकही शब्द नाही, पाय जागेवर राहू न देणारं. प्रयोगशाळेत नळ्या धुताना त्या रोज हेच ऐकत होत्या. तेहतीस वर्षांच्या संसारात काकांना याचा पत्ता नव्हता. त्यांनी काकूंकडे असं पाहिलं, जणू आत्ताच कुणीतरी ओळख करून दिलीय.

वर्षभरात वहीत त्रेचाळीस अल्बम झाले. वर्ष संपताना नाचाच्या बाई त्यांच्या क्लासच्या फलकावर आवडत्या अल्बमची यादी लावत. यंदा त्यांनी काकांकडून मागितली. दहा नावं आणि क्रमांक, असा हुकूम होता. काका चार दिवस वही घेऊन बसले. शेवटी सात नावं निघाली आणि क्रमांक एकही नाही. कपाट दुकानात येऊन हटून बसला, की पहिला कोण ते सांगाच. टॅक्सीवाल्यालाही तेच हवं होतं. काका म्हणाले, "मी कधी स्पीकरला नंबर दिला का? वाजतो म्हणजे वाजतो."

मात्र प्रत्येक नावापुढे त्यांनी तो अल्बम कुणी आणून दिला ते लिहिलं होतं. पियानो, नाचाच्या बाई. पार्सलवाल्या मुलीचा रॅप, टॅक्सीवाला. गिटारींचा गदारोळ, कपाट. मागच्या खोलीतली गाणी, व्यायामाच्या बाई. एक लहान मुलांचा समूह, त्यात एक पोर सतत बेसूर. तो खालून काठीने ठोकणाऱ्या शेजाऱ्यांनी दिला होता, भांडण मिटल्यावर. एक तिघांचा जॅझ, जो डॉक्टरांनी तपासणीच्या वेळी स्वतःहून सुचवला. आणि धडधडीचा अल्बम, त्यापुढे फक्त "घरातून".

यादी त्यांनी डाव्याच हाताने लिहिली होती. उजवा आता लिहू शकत होता. पण त्या वर्षाची वही डाव्याची, म्हणून. बाईंनी ती फलकावर लावली आणि खालची ओळ क्लासातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. काका दारात उभे होते, काकूंच्या जरा मागे. ओळ अशी होती: ज्यांनी ज्यांनी जिना चढून आणून दिलं त्यांचे आभार. हात मोडला त्याचेही आहेत, पण परत नको.