पेटीमास्तरांचा शूर ससा

पेटीमास्तरांइतका भित्रा माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता. पत्र्याच्या ट्रंका, कोठ्या आणि टपालपेट्या ते बनवायचे, म्हणून लोक त्यांना पेटीमास्तर म्हणत. नाव ऐकून एकदा एक बाई आपल्या मुलीला बाजाची पेटी शिकवायला घेऊन आल्या. "ती पेटी वेगळी" हे सांगायचा धीर मास्तरांना होईना. त्यांनी दोघींना तासभर बसवून घेतलं आणि शेवटी ट्रंकेला कडी कशी बसवतात ते शिकवून पाठवलं.

ते पालीला भीत, फोन वाजला की दचकत आणि सगळ्यात जास्त घाबरत बायकोच्या थोरल्या भावाला. दादा धिप्पाड माणूस, आवाज भोंग्यासारखा. महिन्या-दोन महिन्यांनी दुकानात शिरायचे, हाताला लागेल ते अवजार उचलायचे आणि म्हणायचे, "नेतो हं, जावईबापू!" मास्तर म्हणायचे, "न्या की." शिडी गेली, ड्रिल गेलं, दोन हातोड्या गेल्या. परत काहीच आलं नाही.

अशा घरात ससा आला. मास्तरांच्या मुलीच्या मैत्रिणीचं बिऱ्हाड परगावी हललं आणि त्यांचा तीन वर्षांचा करडा ससा हिच्या गळ्यात पडला. त्याचे कान ताठ नव्हते, गालांवरून खाली लोंबत होते. चेहरा निवृत्त हेडक्लार्कसारखा, कुणाचाच अर्ज मंजूर न करणारा.

घर माडीवर, दुकान खाली. एका दुपारी माडी रंगवायला काढली म्हणून सशाची टोपली खाली आणावी लागली. मास्तरांचा हातोडा काही उठेना. "सशाचं काळीज ते. एका ठोक्यात जीव जायचा." पण गिऱ्हाईक दारात उभं होतं. डोळे मिटून त्यांनी पहिला ठोका घातला आणि एक डोळा उघडून पाहिलं. ससा तोंड धूत होता. दुसऱ्या ठोक्याला त्याने गवत खायला घेतलं. मग मास्तरांनी कोठीचा तळ बडवायला घेतला, ज्या आवाजाने समोरचा शिंपी दुकानाचं दार लावून घ्यायचा. सशाने मागचे पाय लांब पसरले आणि झोपून गेला.

"अगं, खाली ये!" मास्तरांनी बायकोला हाक मारली. "हा ससा नाही, वाघ आहे!"

त्या दिवसापासून त्याचं नाव सुभेदार पडलं आणि टोपली कायमची दुकानात आली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मास्तर प्रयोग करून दाखवू लागले. पत्र्याचा अख्खा तक्ता जमिनीवर आपटायचा. गिऱ्हाईक उडायचं, मास्तर स्वतःही उडायचे, सुभेदार ढिम्म.

नवल म्हणजे मास्तरांवर याचा परिणाम झाला. एक दिवस दादा आले आणि त्यांनी पत्रा कापायची नवी कोरी कात्री उचलली. मास्तरांनी सुभेदाराकडे पाहिलं. दादांच्या गडगडाटात तो शांतपणे कोथिंबीर चावत होता.

"नाही," मास्तर म्हणाले.

"काय नाही?"

"कात्री नाही मिळणार, दादा. मला लागते."

दादांनी मग असा आवाज चढवला की शिंप्याने सवयीने दार लावून घेतलं. मास्तरांनी सशावरची नजर काढली नाही. शेवटी दादा कात्री आपटून निघून गेले. माडीच्या जिन्यावर बायको उभी होती. त्या दिवशी मास्तरांना दुपारचा चहा न मागता मिळाला.

पुढे महिनाभराने, झोपलेल्या सुभेदाराला मास्तरांनी मागून कौतुकाने उचललं. सुभेदार किंचाळला, मास्तरांच्या अंगठ्याला कडकडून चावला आणि उडी मारून उघड्या ट्रंकेत जाऊन पडला. त्या दिवशी मुलीने एक गोष्ट केली. ससा तोंड फिरवून बसला असताना त्याच्या पाठीमागे ट्रंकेच्या आडोशाने कोथिंबिरीची पिशवी चुरचुर वाजवली. पिशवीच्या आवाजाला कुठलाही ससा धावत येतो. सुभेदाराने ढुंकूनही पाहिलं नाही. पिशवी समोर धरताच मात्र झडप घातली.

"बाबा, याला ऐकू येत नाहीये."

"वेडी आहेस. मोठी माणसं पहिल्या हाकेला ओ देत नसतात."

"तो कान सारखा खाजवतो. आणि मान बघा, एका बाजूला झुकलीय."

मास्तर म्हणाले, "विचार करत असेल."

बायकोने टोपली त्यांच्या हातात दिली आणि दवाखान्याची वाट दाखवली.

जनावरांची डॉक्टर तरुण होती आणि बोलायला सरळ. तिने सुभेदाराचे लोंबते कान उचलून आत दुर्बिणीने पाहिलं. "असल्या कानांची नळी अरुंद असते. आत मळ साठून घट्ट झालाय, शिवाय संसर्ग आहे. साफ करते, थेंब देते. दुखणं जाईल, मान सरळ होईल. ऐकू येणं परत येईल असं नाही."

"पण डॉक्टर, हा फार शूर आहे हो! मी पत्रा बडवतो तरी..."

"तुम्ही याच्याजवळ पत्रा बडवता?"

मास्तरांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे झालं?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही. मळ जुना आहे, तुमच्याकडे आला तेव्हाच कमी ऐकत असेल. पण दुकानात ठेवू नका. ठोक्याचे हादरे जमिनीतून थोडे तरी त्याला लागतातच."

घरी येईपर्यंत मास्तर टोपलीला पुन्हा पुन्हा सांगत होते, "चुकलो रे बाबा." टोपलीतल्याला अर्थात काही ऐकू येत नव्हतं.

सुभेदार माडीवर गेला. मुलीने नियम केले. मागून जायचं नाही. उचलण्याआधी हात हुंगू द्यायचा. झोपेतून उठवायचं तर माडीच्या लाकडी फळीवर पाय दोनदा आपटायचा, खालच्या फरशीपेक्षा फळीतून त्याला हादरा चांगला कळतो. टोपलीची आणि सामानाची जागा बदलायची नाही. कानात काडी घालायची नाही, थेंब डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. एवढंच की त्या फळ्यांचा आवाज खाली दुकानात यायचा. मास्तरांना वाटायचं आपल्यालाच बोलावलंय. ते हातातलं काम टाकून धापा टाकत वर जायचे. तिथे ससा तेवढा उठून बसलेला असायचा. "आलात का तुम्हीही?" बायको म्हणायची.

भिंतीला पण कान असतात. बातमी दादांपर्यंत पोचली. ते हसतच दुकानात आले.

"काय जावईबापू, वाघ बहिरा निघाला म्हणे! आणि त्याच्या जिवावर तुम्ही मला नाही म्हणालात! आणा ती कात्री."

मास्तर उठून उभे राहिले. घाम फुटला होता. या वेळी पाहायला समोर ससाही नव्हता.

"दादा, ससा बहिरा आहे हे खरं. पण त्या दिवशी मला तर सगळं ऐकू येत होतं ना? तरी मी नाहीच म्हणालो." मग त्यांचा आवाज थोडा चिरकला. "आणि माझी शिडी आणून द्या."

दादांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग, "बघतो," एवढंच म्हणून गेले. चार दिवसांनी शिडी दाराबाहेर टेकवलेली सापडली. ड्रिल मात्र अजून आलेलं नाही.

थेंबांनी सुभेदाराची मान सरळ झाली, कान खाजवणं थांबलं. ऐकू मात्र आलं नाही. तो मास्तरांना पावलांवरून ओळखू लागला. ते जिना चढत असतानाच दाराशी येऊन बसायचा आणि चपला काढेपर्यंत पायांभोवती गोल गोल धावायचा. एकदा मास्तरांना पाल दिसली, ते ओरडून मागे सरले आणि खुर्चीवर चढले. सुभेदाराने त्या हादऱ्याने मान वर केली, मास्तरांकडे पाहिलं आणि खुर्चीवरून पडलेली त्यांची टोपी निवांत कुरतडायला घेतली.