ओहोटीची वाट

रविवारच्या वॉकमध्ये मी सगळ्यांत शेवटी चालत असे. पुढे हे, हातात मिटलेली काळी छत्री, त्यांच्यामागे पंधरा-वीस माणसं आणि त्यांच्यामागे मी. जुन्या दिल्लीच्या गल्ल्या अशा आहेत की एक वळण चुकलं की माणूस दिसेनासा होतो. कुणी नाडी बांधायला वाकतं, कुणी हवेलीच्या दरवाजाचा फोटो काढत राहतं, थंडीत तर दुधाच्या फेसाची चाट विकणारा दिसला की निम्मी मंडळी तिथेच. त्यांना गोळा करत आणायचं हे माझं काम. नव्या गल्लीत शिरण्याआधी हे थांबायचे, छत्री उंच धरायचे आणि विचारायचे, "सगळे आले का?" मी मागून हात वर करायची. मग पुढे. या कामात तोंड उघडावं लागत नसे, म्हणून ते मला जमलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती आणि मुलीला तरीत बसवून कोण पाठवणार? चार माणसांत बोलायचं म्हटलं की अजून मी कुणाच्या तरी मागे सरकते.

वॉक हा शब्द नंतरचा, मुलीने दिलेला. आधी ते नुसतं पाहुण्यांना फिरवणं होतं. यांची नोकरी केंद्र सरकारची, आमची बहुतेक वर्षं आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेली. महाराष्ट्रातून कुणी ना कुणी यायचंच. कुणी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसमध्ये उतरायचं, कुणी आमच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपायचं. आपल्याकडची माणसं दिल्लीला आली की पानिपतला जातातच. संध्याकाळी परत आली की घरात सुतक असल्यासारखी बसायची, पोहे पुढे ठेवले तरी नुसती बशीकडे बघत. हे स्वयंपाकघरात येऊन मला म्हणायचे, "अगं, यांना असंच गाडीत बसवून दिलं तर घरी जाईपर्यंत रडतील. उद्या जरा जिवंत गाव दाखवतो."

जिवंत गाव म्हणजे तटाच्या आतली दिल्ली. तिचं यांना एवढं वेड का, ते मला ठाऊक होतं. यांचं गावही तटाच्या आतलं. कोकणात, समुद्राला लागून. घरं, नारळाच्या वाड्या, विहिरी, देऊळ, मशीद सगळं तटबंदीच्या आत आणि बाहेर लगेच पाणी. मी लग्न होऊन तिथे गेले तेव्हा हातांची हळदही उतरली नव्हती, आणि यांनी मला तट दाखवायला नेलं. हे पुढे बोलत, मी मागे. मी तटापेक्षा यांच्या टाचांकडेच जास्त बघितलं. दर्या दरवाजा झाला, तोफांच्या जागा झाल्या, बुरुजावर वाळत घातलेले बोंबील झाले आणि शेवटी एक खिंडार आलं. तट तिथे ढासळला होता. गावातल्या बायका समुद्रावर जायला त्यातूनच उतरायच्या, दरवाजाचा वळसा कोण घालणार? "भरतीला इथून उतरायचं नाही," हे म्हणाले. "पाणी थेट तटाला लागतं. ओहोटी लागली की जाऊ." भरती होती. आम्ही दगडावर बसून राहिलो. वाट बघता बघता दिवेलागण झाली आणि घरी गेल्यावर सासूबाईंनी दोघांनाही झापलं.

दिल्लीतल्या वॉकमध्ये यांनी या गावाचा एक विनोद करून ठेवला होता. तुर्कमान गेटपाशी सगळे जमले की हे गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "मंडळी, ही तटाची वेस. आत शिरलं की डावीकडे दर्या दरवाजा. भरती आहे, चपला हातात घ्या." माणसं एकमेकांकडे बघायची. एखादी बाई खरंच खाली वाकायची. हे एक भुवई वर करून थांबायचे, मग हशा. मग हे सांगायचे की आमच्या गावाला तट आहे आणि समुद्रही आहे, दिल्लीला नुसता तट, तोही बराचसा पडलेला. "म्हणून तर इथली माणसं एवढी भांडतात हो. वारा खायला जायला जागाच नाही."

मुलगी म्हणायची, "पपा, चेंज करा ना यार. हा जोक रिटायर करा आता."

"मी झालो ना रिटायर? एका घरात एक पुरे."

रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं आणि आम्ही दिल्लीतल्याच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आलो. मुलगी गुरगावला. तिने मोबाईलवर ग्रुप केला. त्यात इथल्या महाराष्ट्र मंडळातली कुटुंबं, आपल्याकडून येऊन परीक्षेचे क्लासेस करणारी मुलं-मुली, त्यांचे आलेगेले पाहुणे. यांना आठवड्यात रविवार तेवढाच राहिला होता. बाकी दिवस पेपर, भाजी आणि सोसायटीचं बाक. शनिवारी दुपारपासून छत्री पुसायला काढायचे. दिल्लीच्या कोरड्या थंडीत छत्री घेऊन फिरणारे हे एकटेच.

गेल्या थंडीतली गोष्ट. चावडी बाजारात रविवारची दुकानं बंद होती. लग्नपत्रिकांच्या एका दुकानासमोर हे मध्येच थांबले आणि म्हणाले, "इथून डावीकडे दर्या दरवाजा. भरती आहे, जपून." सगळ्यांनी तासाभरापूर्वी हे ऐकलं होतं, त्यामुळे दुसऱ्यांदा जास्तच हसले. क्लासची एक मुलगी ओरडली, "काका, एक नंबर!" मीही हसले. मग माझ्या लक्षात आलं की यांनी भुवई वर केली नाही. हशासाठी थांबलेही नाहीत. डावीकडच्या बंद शटरकडे बघत उभे होते, आणि लोक कशाला हसतात ते कळत नसल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या माणसांच्या डोक्यांवरून, सरळ माझ्याकडे.

तेव्हापासून मी लक्ष ठेवायला लागले. राजीव चौकला मेट्रो बदलताना हे जिन्यापाशी उभे राहिले आणि विचारलं, आर. के. पुरमची बस कुठून सुटते. दुसऱ्या एका दिवशी फ्लॅटच्या दारात उभे राहून क्वार्टरची किल्ली मागितली. वॉकमध्ये मात्र बादशहाने तट कसा बांधला, यमुना कुठून वाहायची, कुठला दरवाजा कुणी पाडला, सगळं घडाघडा सांगायचे. आणि मध्येच कुठे घसरले की भरती निघायची, दर्या दरवाजा निघायचा, लोक हसायचे आणि ते झाकलं जायचं. इतकी वर्षं केलेला विनोद असा उपयोगी पडत होता. हसू न येणारी त्या घोळक्यात मी एकटी.

मी मुलीला फोन केला.

"या रविवारी नको ठेवू वॉक."

"का? पपांना बरं नाही?"

"बरं आहे."

"मग रीजन तर सांग. ग्रुप फुल आहे अगं. साताऱ्याहून एक कपल येतंय, पानिपत करून."

"थंडी आहे."

"आई, दिल्लीत दर वर्षी थंडी असते." ती हसली. "तूच कंटाळलीस ना? बिल्कुल खरं सांग. पाय दुखतात?"

"हो, पाय दुखतात."

"मग तू घरी थांब. पपा करतील मॅनेज."

"नको, नको," मी म्हटलं. "येईन मी."

सांगायचं ते तोंडाशी आलं होतं. पण एकदा सांगितलं की यांचा रविवार जाणार, हे दिसत होतं. आणि तो काढून घेणारी मी असणार.

त्या रविवारी धुकं होतं. साताऱ्याचे नवरा-बायको दोघंही शाळेत शिकवणारे, आदल्या दिवशीच्या पानिपतमुळे अजून दबलेले. तुर्कमान गेटचा विनोद जागच्या जागी झाला, भुवई वर झाली, ती दोघंही हसली. मला इतकं हलकं वाटलं की सीताराम बाजारात मी स्वतःच फेसाची चाट घेऊन खाल्ली. पुढच्या वळणाला यांनी छत्री उंच केली. "सगळे आले का?" मी हात वर केला. तिथून उजवीकडे जायचं असतं. छत्री डावीकडे गेली.

वाटलं, काही नवीन दाखवणार असतील. गल्ली अरुंद होत गेली, डोक्यावर तारांचं जाळं, दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत अशी जागा. रांग हळू झाली आणि थांबली. पुढून हशा आला. तो हशा मी ओळखला.

मला सगळ्यांना ओलांडून पुढे जायचं होतं आणि 'सरका' म्हणायलाही आवाज फुटेना. भिंतीला अंग घासत, लोकांच्या बॅगांखालून मी पुढे घुसले. गल्ली तिथे संपत होती. समोर जुन्या विटांची उंच भिंत, फटीतून उगवलेला पिंपळ. शेजारच्या दारात एक म्हातारी बाई बादली घेऊन उभी होती आणि सांगत होती, "भाईसाहब, रास्ता बंद है. पीछे से जाइए." हे छत्रीच्या टोकाने विटा चाचपत होते.

"इथं खिंडार होतं. कुणी बुजवलं? बायकांनी उतरायचं कुठून?"

क्लासच्या मुलांनी मोबाईल वर धरले होते. साताऱ्याचे मास्तर हसून डोळे पुसत होते. "वा! काय नट आहे हा माणूस!"

हशा ऐकून हे वळले. छत्री दोन्ही हातांनी छातीशी धरली. "हसता काय? माझी आई पलीकडे आहे."

लोक पुन्हा हसले, पण आता कमी.

"अहो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "भरती आहे आता. इथून उतरायचं नाही. ओहोटी लागली की जाऊ."

यांनी छत्री छातीवरून खाली घेतली. "भरती आहे?"

"हो."

"मग बसू या," ते म्हणाले आणि बसायला दगड शोधू लागले.

मागून टाळ्या पडल्या. "काकूपण छुप्या रुस्तम निघाल्या!" दारातल्या म्हातारीला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तिने आतून बसायला वेताचा मोडा आणून यांच्यामागे ठेवला, हे बसले. मग माझ्या जवळ येऊन तिने हळूच विचारलं, "कब से?"

"इसी सर्दी से," मी म्हटलं.

मुलीला सांगता आलं नव्हतं ते मी असं एका अनोळखी बाईच्या दारात सांगितलं. तिने मान हलवली आणि पाणी आणायला आत गेली. साताऱ्याच्या बाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, नवऱ्याचा हात दाबला आणि मुलांना मोबाईल खाली करायला लावले. मी मागे वळून सगळ्यांना म्हटलं, "आजचा वॉक इथेच थांबवू या." सगळे एकेक करून गेले.

आम्ही घरी पोचतो न पोचतो तोच मुलीचा फोन. कुणीतरी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता.

"आई! तू चक्क बोललीस! सगळ्यांसमोर! लोक वेडे झालेत अगं. पुढच्या वॉकला दोघं मिळून असंच करा ना, यार. आणि ते खिंडार म्हणजे काय?"

"तट पडून जी वाट होते ती."

"अच्छा. मस्त वर्ड आहे."

"तो विनोद नव्हता," मी म्हटलं.

"मतलब?"

हे आत पलंगावर छत्री शेजारी ठेवून झोपले होते. मी दार लोटून घेतलं आणि तिला सगळं सांगितलं, चावडी बाजारापासून. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मी येते." ती आली, यांना डॉक्टरकडे नेलं, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. ग्रुपवर तिने लिहिलं की वॉक बंद आहेत. कारण लिहिलं नाही.

यांना मात्र कुणी सांगितलं नाही. शनिवारी दुपारी यांनी छत्री पुसायला काढली. मुलगी उठून बाल्कनीत गेली. "उद्या नको जायला," मी म्हटलं.

"का?"

मला दुसरं काही सुचलं नाही. "भरती आहे."

हे "बरं" म्हणाले आणि छत्री खुंटीला लावली. मला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही. छत्री निघायची, मी भरती म्हणायची, छत्री खुंटीला जायची.

गेल्या शनिवारी छत्री खुंटीला गेली नाही. हे ती गुडघ्यांवर आडवी धरून बसले आणि माझ्याकडे नीट बघितलं. यांची ऑफिसातली नजर, कुणी खोटी सबब सांगितली की व्हायची ती.

"अगं, इतके दिवस भरती असते का कुठे? सहा तासांत पाणी उतरतं. समुद्रावरचा मी, मला शिकवतेस?"

मी मान खाली घातली. यांनी छत्रीची मूठ बोटांनी पुसली. मग म्हणाले, "मी काय केलं तिथे?"

मी उठून चपला घातल्या आणि दार उघडलं. यांनी टोपी घातली. आम्ही खाली उतरलो आणि सोसायटीच्या भिंतीच्या कडेने चालू लागलो, हे पुढे, मी मागे. पहिल्या कोपऱ्यावर एक गाडी धुतली जात होती, तिच्या पाण्याला वळसा घालून गेले. दुसऱ्या कोपऱ्यावर थांबले, छत्री वर केली आणि वळून विचारलं,

"सगळे आले का?"

माझ्यामागे कुणी नव्हतं. हे त्यांना माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. मी हात वर केला.